बगलेखालचा ठिपका

औरंगाबाद, छावणी

तीर्थरूप बाबा,

सांडूचा पायांवर डोकं ठेवून दंडवत. काल फरी-गदग्याची शेवटची जोड मी जिंकलो. साऱ्या सुभ्यात पहिला आलो, चांदीचं कडं मिळालं. आईला आधी एवढंच वाचून दाखवा.

समोर जालन्याचा चांदपाशा होता, हाताचा लई चपळ. आईला समजावून सांगा, फरी म्हणजे ढाल अन् गदगा म्हणजे काठी, तिच्या टोकाला गेरू असतो. पांढऱ्या सदऱ्यावर डाग उठला की वार धरतात, अन् पाच वार आधी करील तो जिंकतो. माझे चार झाले होते, त्याचे तीन. तेवढ्यात त्याचा गदगा माझ्या बगलेखाली लागला. पंचांना दिसलं नाय, लोकांनाही नाय.

याच मैदानात तुम्ही असाच न दिसलेला वार कबूल करून हरलात. आपल्या वैजापुरात लोक अजून तुम्हाला भोळा म्हणतात.

मी फरी खाली केली अन् म्हणालो, "लागला." बरोबरी झाली. आमच्या नूरमोहम्मद उस्तादांनी कपाळावर हात मारून घेतला. मग चांदपाशा डोक्यावर वार करायला आला, मी खाली बसलो अन् त्याच्या छातीवर गेरू उठवला. त्यानंच मला खांद्यावर घेतलं.

बरगडी जराशी दुखतीय, हळद लावलीय. हे आईला वाचू नका. तुमचा गुडघा कसा आहे?

कडं आईला. सदरा तुम्हाला पाठवतोय, मुद्दाम धुतलेला नाय, बगलेखालचा ठिपका तसाच आहे. बाजाराला जाताना घाला. आपलं माप एकच आहे.

तुमचा पोरगा,
सांडू