सिग्नेच्या नावापुढचा शब्द

राजवाडा, ६ सप्टेंबर

चि. थीरा हिस,
होल्गरदादाचे अनेक आशीर्वाद.

मुरंब्याची बाटली पोचली. वाड्यावरच्या पहारेकऱ्यांनी ती आधी उघडून तपासली, त्यामुळे वरचा थर कोणाच्या पोटात गेला ते देव जाणे. उरलेला मी राय धान्याच्या काळ्या पावावर लावून दोन सकाळी पुरवून खाल्ला. भूक हल्ली बेताचीच असते.

आता मुद्द्याचं. येत्या गुरुवारी दरबारातून एक निवेदन निघेल. ते पेपरात वाचून तू डोक्यात राख घालून घेशील, म्हणून आधी मीच सांगतो. नव्या वर्षापासून आपल्या सिग्नेच्या नावापुढे राजकन्या हा शब्द असणार नाही. थोरल्या मॅग्नसच्या मुलांचं आहे तसंच राहील, कारण गादी त्या घरात जायची आहे. धाकट्याच्या, म्हणजे इव्हारच्या घरी मात्र साधं नाव आणि आडनाव. संसदेत दर हिवाळ्यात कोणीतरी उठून विचारतं की या एवढ्याशा देशाला इतके राजपुत्र आणि राजकन्या हव्यात कशाला. त्याला कधीतरी उत्तर द्यायलाच हवं होतं. शिवाय पोरगी मोकळी होईल. तिला हवं ते शिकता येईल, हव्या त्या गल्लीतून सायकल हाणता येईल.

इव्हारला कळवलं आहे. तो फार बोलला नाही म्हणतात. तुला एकच विनंती. चाळीस वर्षं तू नुसती श्रीमती थीरा म्हणून राहिलीस आणि तुझं काही बिघडलं नाही. एवढं त्याला तुझ्या तोंडून ऐकव. माझं तो ऐकायचा नाही, तुझं ऐकेल.

थंडी सुरू झाली आहे, गुडघे जप. या म्हाताऱ्यावर माया आहे ती तशीच ठेव.

तुझा,
होल्गर


लिल्होल्म बेट, १० सप्टेंबर

तीर्थस्वरूप होल्गरदादास,
थीराचा शिरसाष्टांग नमस्कार.

पत्र वाचलं. दोनदा वाचलं. दादा, इव्हारला कळवलं आहे म्हणजे काय? कोणी कळवलं? तो फार बोलला नाही म्हणतात, हे म्हणणारे कोण? तू स्वतः गेला असतास तर तो काय बोलला हे तुला दुसऱ्याकडून ऐकावं लागलं नसतं. तुझ्या त्या हिशेबी कारभाऱ्याला पाठवलंस ना? खरं सांग.

माझं उदाहरण देऊ नकोस. बाबांनी माझं नाव घराण्याच्या यादीतून खोडलं, ते मी गुरांच्या डॉक्टरशी लग्न केलं म्हणून. सगळं ठाऊक असून केलं. शब्द गेला, पण त्याच्या बदल्यात मला येन्स मिळाला. तो माझ्या उशाला घोरायचा, त्याच्या कोटाला गाईंचा वास यायचा, आणि तो गेला त्या दिवसापर्यंत मला एकदाही वाटलं नाही की सौदा वाईट झाला. सिग्नेने कोणाशी लग्न केलंय? तेरा वर्षांची आहे ती. तिच्या पदरात काय टाकतोयस तू, सायकल?

आणि माझं काही बिघडलं नाही हे तुला कोणी सांगितलं? पहिली दोन वर्षं इथल्या दुकानात मी गेले की बायका बोलायच्या थांबायच्या. दुकानवाली गुडरून अजूनही तराजूत बटाटे टाकताना विचारते की राजकन्येला मोठे देऊ का लहान. आता आम्ही दोघी हसतो. तेव्हा मी घरी येऊन रडायचे.

निवेदन थांबवता येत नसेल तर नको थांबवूस. पण गुरुवारच्या आत गाडी काढ आणि मुलाच्या दारात जाऊन उभा राहा. पोरीला जवळ बसव आणि तुझ्या तोंडाने सांग. राजाला जमत नसेल तर आजोबाला जमतं का ते बघ.

बाकी इथे हेरिंग मासळीचा हंगाम बरा आहे. रागावले आहे, तरी बहीण तुझीच आहे, हे विसरू नकोस.

तुझी,
थीरा


राजधानी, २१ सप्टेंबर

प्रिय थीराआजी,
साष्टांग नमस्कार. (बाबा म्हणाले मोठ्यांना असंच लिहितात.)

मी फोन करणार होते, पण फोनवर मला रडू येतं.

मला शाळेत कळलं. जेवणाच्या सुट्टीत मी ट्रे घेऊन उभी होते आणि आस्ट्रिडने तिचा फोन माझ्या तोंडासमोर धरला. त्यावर माझाच फोटो होता, लहानपणचा, आजोबा गादीवर बसले त्याच्या वर्धापनदिनाला गच्चीतून हात हलवतानाचा. खाली लिहिलं होतं की आता ही राजकन्या नाही. ती म्हणाली की अगं, तुला माहीत नव्हतं? मी म्हटलं माहीत होतं. नव्हतं.

बाबांना आधीच्या आठवड्यातच कारभारी येऊन सांगून गेले होते. बाबा मला शनिवारी, निवांत, समुद्रावर नेऊन सांगणार होते. सगळं गुरुवारीच होईल असं त्यांना वाटलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी फाटकाशी खूप कॅमेरे आले, तेव्हा बाबा गाडीतून उतरले आणि म्हणाले की माझी मुलगी रडते आहे आणि तिच्या आजोबांनी तिला साधा फोनही केलेला नाही. ते सगळीकडे दाखवलं. आता शाळेत सगळ्यांना माहीत आहे की मी रडते.

लोकांची मतंही घेतली. आम्हाला काढलं ते बरोबर असं बहुतेकांना वाटतं. मला त्यातलं कोणीच ओळखत नाही. बसमध्ये एक आजी म्हणाल्या की बाळ, तुझं चांगलंच होईल. आणि त्यांनी फोटो काढला.

आजी, तुझं नाव खोडलं तेव्हा तुला कसं वाटलं? आपण आतून तेच राहतो का? बाबा म्हणाले की नाताळला आपण वाड्यावर जायचं नाही. बदाम लपवलेली खीर मग कोण करणार?

मला शरदाच्या सुट्टीत तुझ्याकडे येऊ दे. मी कामं करीन. माझ्यावर रागावू नकोस, आठवण काढत राहा.

तुझी,
सिग्ने


राजवाडा, ३ ऑक्टोबर

चि. थीरास,
आशीर्वाद.

तुझं म्हणणं बरोबर होतं. मी गेलो नाही. कारभाऱ्याला पाठवलं. त्या आठवड्यात मला गाडीत बसवत नव्हतं, त्याचं कारण पुढे लिहितो. पण इव्हारने घरातली गोष्ट कॅमेऱ्यासमोर चव्हाट्यावर मांडली, ते मला लागलं. आईने आपल्याला शिकवलं होतं की रडायचं तर दार लावून.

आता जे लिहितो ते वाचून हे पत्र शेगडीत टाक.

निर्णय माझा नाही. मॅग्नसचा आहे. वसंतात तो माझ्याकडे आला आणि म्हणाला की मी गादीवर बसेन तेव्हा घर लहान असायला हवं, नाहीतर लोक मला टिकू देणार नाहीत. आणि हे कापाकापीचं काम मला करायला लावू नका, तुम्ही आहात तोवर तुम्हीच करा. मी त्याच्यावर चिडलो. मग विचार केला. मॅग्नसने धाकट्या भावाच्या पोरीचं नाव खोडलं तर हे दोघे जन्मात एकमेकांचं तोंड बघणार नाहीत. बापाने खोडलं तर राग बापावर निघेल, आणि बाप काही कायमचा नसतो.

तो किती कमी कायमचा आहे, हे उन्हाळ्यात कळलं. पोटात गाठ आहे. नाताळनंतर कापायची म्हणतात. बाहेर कोणाला माहीत नाही, मॅग्नसलासुद्धा नाही.

तेव्हा थीरा, वचन दे. इव्हारला यातलं एक अक्षर कळता कामा नये. त्याला मला शिव्या घालू दे. त्याने मॅग्नसला घातल्या तर माझं सगळं केलेलं फुकट जाईल.

या पत्राला उत्तर दे. तुझ्याशिवाय मनातलं बोलायला कोणी नाही.

होल्गर


लिल्होल्म, २० ऑक्टोबर

ती. दादास,
थीराचा नमस्कार.

पत्र जाळलं. नंतर शेगडीपाशीच बसून राहिले. गाठ हा शब्द तू असा मुरंब्याच्या बाटलीसारखा लिहून टाकलास. मला आधी सांगायला काय झालं होतं तुला?

वचन दिलं. पण मनापासून नाही. तुला वाटतं तू ओझं उचललंस. अरे, ओझं त्या पोरीवर पडलं आहे. तिला वाटतं तिने काहीतरी केलं म्हणून आजोबांनी तिला टाकलं. परवा मला विचारत होती की गेल्या वर्षी गच्चीत तिने जांभई दिली, ती आजोबांना दिसली असेल का. हे ऐकून मी काय करायचं ते सांग.

ती आठवडाभर इथे होती. पहिले तीन दिवस छान गेले. गुडरूनने तिला हेरिंग साफ करायला शिकवलं, आतडी काढताना पोरगी ओकेल असं वाटलं होतं, पण तिने नेटाने पिंप भरलं. मग कोणीतरी लांबून फोटो काढला आणि दुसऱ्या दिवशी मथळा आला की राजकन्या होती, कोळीण झाली. फेरीबोटीतून कॅमेरेवाले उतरले. गुडरूनने त्यांना माझं घर म्हणून बेटाच्या पार उत्तर टोकाचा, दलदलीतला रस्ता दाखवला. सिग्ने त्यावर हसली. त्या दिवशीचं तेवढंच हसणं.

इव्हार तिला न्यायला आला. स्वयंपाकघरात कोट न काढता बसला. कॉफी गार झाली. म्हणाला की आत्या, शब्द गेला तर गेला, मला त्याचं काही नाही, पण बाबा स्वतः येऊन म्हणाले असते की बाळा, असं असं करावं लागतंय, तर मीच कागदावर सही केली असती. मी त्याची कॉफी पुन्हा तापवायला घेतली. तुझं वचन जिभेखाली खड्यासारखं बोचत होतं.

ये, दादा. नाहीतर फोन कर. पोरीला कर, इव्हारला नको. आणि जेवत जा. मला तू अजून हवा आहेस.

थीरा


राजवाडा, १२ डिसेंबर

चि. थीरा,
आशीर्वाद.

अक्षर वाकडंतिकडं येतं आहे, समजून घे.

सिग्नेला फोन केला. तिने मला महाराज म्हटलं. मी म्हणालो की अगं, मी आजोबा. तर शांतपणे म्हणाली की मी वाचलं, घराण्याबाहेरच्यांनी तुम्हाला महाराज म्हणायचं असतं, चुकलं तर कॅमेरेवाले लिहितात. चेष्टा करत नव्हती. खरंच नियम पाळत होती. मग मी इकडचं तिकडचं काढलं. शाळेचं विचारलं, हवेचं विचारलं. तिने सगळ्याची नीट उत्तरं दिली आणि फोन ठेवताना आभार मानले.

मग मी एक निवेदन लिहिलं, माझ्या हाताने. की पोरीला आधी सांगायला हवं होतं, चुकलं, मला वाईट वाटतं. कार्यालयाने ते तपासून परत पाठवलं. त्यातला चुकलं हा शब्द गेला होता, वाईट वाटतं हेही गेलं होतं. राहिलं काय, तर राजेसाहेबांना नातवंडांबद्दल स्नेह आहे. मी ते तसंच जाऊ दिलं. दमलो होतो.

नाताळनंतर कापणार. बरा होऊन उठलो की पहिला इव्हारच्या घरी जाणार, गाडी, झेंडा, पुढे-मागे कोणी न घेता. ठरवलं आहे. बर्फाने बोटी बंद आहेत असं ऐकतो, तू येण्याची घाई करू नकोस.

वचन पाळ. तुझी माया मला पुरली आहे, आणखीही पुरेल.

दादा


राजधानी, ९ फेब्रुवारी

ती. थीराआत्यास,
इव्हारचा साष्टांग नमस्कार.

अंत्ययात्रेच्या दिवशी तुझ्याशी धड बोलता आलं नाही. तुला आणि आम्हाला मागच्या रांगेत बसवलं ते बरं झालं, निदान तू शेजारी होतीस. सिग्नेने तुझा हात शेवटपर्यंत सोडला नाही, हे मी पाहिलं.

दवाखान्यात मी पोचलो तेव्हा बाबा बोलत नव्हते. डोळे उघडे होते. मला वाटतं ओळखलं. पण वाटण्यावर किती दिवस काढायचे?

आता एक विचारतो, कारण तुझ्याखेरीज खरं सांगणारं कोणी उरलं नाही. शवपेटी खाली गेली तेव्हा मॅग्नसने मला मिठी मारली आणि कानात म्हणाला की बाबा तुझ्याशी फार कठोर वागले, माझ्या हातात असतं तर मी होऊ दिलं नसतं. मी त्याच्या खांद्यावर डोकं ठेवून रडलो. कित्येक वर्षांत आम्ही असे जवळ आलो नव्हतो. पण घरी आल्यावर लिव्ह म्हणाली की तुझे बाबा लोकांच्या बोलण्याला कधी घाबरले होते? हे त्यांचं वाटत नाही. बायकोचं ते वाक्य काही केल्या डोक्यातून जात नाही.

आत्या, निर्णय कोणाचा होता? बाबा तुला सगळं लिहायचे. जे असेल ते सांग.

सिग्ने बरी आहे. नव्या आडनावाने शाळेत जाते, कमी बोलते. आमच्यावरची तुझी सावली हलू देऊ नकोस.

तुझा,
इव्हार


लिल्होल्म, १६ फेब्रुवारी

चि. इव्हार यास,
थीराआत्याचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र येऊन पडलं होतं. उत्तर लिहायला बसायचे आणि उठायचे. आज बसले ती लिहूनच उठणार.

त्याआधी एक बातमी, तुला पेपरात कळण्याआधी. मॅग्नसचं पत्र आलं आहे. माझ्या बाबांनी खोडलेलं माझं नाव घराण्याच्या यादीत परत घालतो म्हणतो. चाळीस वर्षांनी मी पुन्हा राजकन्या. लोकांना आवडेल, नवा राजा मनाचा मोठा आहे असं छापून येईल. मी त्याचे आभार मानून कळवलं की या वयात मला नवीन सही शिकणं जमायचं नाही. दुसरं काही लिहिलं नाही.

तुझे बाबा तुझ्या दारात येणार होते. बरे झाले की पहिलं काम तेच करायचं त्यांनी ठरवलं होतं, झेंडा न लावता, एकटे. सिग्नेला आधी सांगितलं नाही याचं त्यांना फार वाईट वाटत होतं. ते त्यांनी लिहूनही काढलं होतं, पण तुमच्यापर्यंत पोचू दिलं गेलं नाही. पोरीला सांग की तिने काही केलं नव्हतं. जांभईसुद्धा कोणी पाहिली नव्हती. हे तिला रोज सांग, तिला पटेपर्यंत.

आता तुझ्या प्रश्नाचं. निर्णय होल्गरचा होता. मी त्याची बहीण, मी त्याला ओळखत होते, दुसऱ्या कोणाकडे बोट दाखवू नकोस. तुझा राग आहे तो त्याच्यावरच राहू दे, इव्हार. तो पेलणारा माणूस होता. भावाने मिठी मारली आहे ना, तिच्यात फार खोल बघत बसू नकोस. तुम्ही दोघेच उरला आहात.

बर्फ वितळला की सिग्नेला पाठव. माझ्यावर लोभ ठेव, आणि कधी वाटलं की आत्या खोटं बोलली, तरीही ठेव.

तुझी,
थीराआत्या