नैरोबीतला दादा

जून १२, गुरु.
या घरात आधी विचारायची पद्धतच नाही. केतकीने सहा महिन्यांसाठी म्हणून नैरोबीला नोकरी धरली, आता म्हणते दोन वर्षं राहू का. "आई, जस्ट थिंक." काय थिंक? सातवी शिकलेली मी.
ह्यांनी फोनवर वाचून दाखवलं. इंग्रजांनी रेल्वेसाठी वसवलेलं गाव, नावाचा अर्थ गार पाणी. मजूर आपल्याकडचे नेले होते. म्हटलं, ते परत आले का तेवढं वाचा.

जून १५, रवि.
के.चा फोन. ती राहते त्या वेस्टलँड्सला काचेच्या इमारती. पार्कलँड्सला गुजराथ्यांची जुनी वस्ती, फरसाण मिळतं. पलीकडे किबेरा, नुसते पत्रे. तिथल्या बायका हिच्या ऑफिसात झाडायला चालत येतात. पैसे रोख कुणी देत नाही, सगळे फोनवरून. "स्वेटर घालते गं." इथे चँडलरच्या वाळवंटात गार पाण्याच्या नळानेही हात भाजतोय.
मग म्हणाली, "भाजी मामा देते." देते? हिचं मराठी हे असं. "आणि दादा असतेच बाजूला, डोन्ट वरी."
फोन कट.
दादा! आमच्या गल्लीत दादा कुणाला म्हणायचे ते मला माहीत आहे. ह्यांना बोलले नाही.

जून १८, बुध.
कामावर, दुकानात पोळ्या लाटत होते. मालक म्हणाला, "काकू, नैरोबीत मोर्चा, जाळपोळ." फोन लावतेय, लागत नाही. तव्यावरची जळली.
हे म्हणतात, शहर केवढं मोठं, मोर्चा भर बाजारात, ती लांब. असेल मोठं. आपली एकच आहे तिथे.
देवा, आणि तो दादा तिच्या बाजूलाच.

जून १९, गुरु.
लागला! ऑफिसच्या कामाने बाजारात गेली होती, तिथेच अडकली. "दादाने मला दुकानात ओढलं, शटर खाली. रात्री सोबतच परतलो, एकटी नको म्हणून तिच्याच घरी झोपले."
तिच्या? मी ओरडलेच, "कोण हा दादा?"
हसते कार्टी. "आई, इथल्या भाषेत दादा म्हणजे बहीण! मामा म्हणजे आई!"
शेजारीण आहे. वांजिरू. बाजारात चपात्या विकते. फोन घेऊन मला म्हणाली, "मामा केतकी." केतकीची आई.
पण पुढच्या आठवड्यात परत मोर्चा म्हणे. आणि ही म्हणते, "बहुतेक राहीन."
तिला सांगून टाकलं: 'बहुतेक' चालणार नाही. रविवारी फोन करशील तेव्हा एक शब्द सांग, येतेस की राहतेस. रविवारच्या पुढे मी उत्तराची वाट बघणार नाही. आणि राहणार असशील तर आधी त्या दादाचा नंबर दे.