हाडात राहिलेलं शिसं

करडी

प्रिय दामिनी,

फोनवर तुझी सासू बाजूलेच असते, म्हणून लिहून राहिली. गोष्ट बाबाची आहे, पण तुझ्याही अंगाची आहे, म्हणून पूर्ण वाच.

बाबाले नागपूरले नेलं होतं. किती दिवसांपासून लोहाच्या गोळ्या खाऊन राहिले, पण रक्त वाढेच ना. पोटदुखी वेगळीच. तिथल्या डॉक्टरीणबाईनं तोंड उघडायले लावलं, तर हिरडीवर निळसर रेघ! काम काय करता म्हणून विचारलं, तर बाबा खुशच झाले. बोडीच्या पाण्यात मासोळ्यांसाठी जाळं कसं फेकतो ते उभं राहून दाखवलं, जसा काही जाळ्याचा काठ दातात धरून. काठाले शिशाच्या गोळ्या असतात अन् त्या मी शिसं वितळवून घरीच ओततो, हेही छाती फुगवून सांगतलं. बाईनं कपाळाले हात लावला. हिरडीवरची रेघ त्या शिशाचीच म्हणे.

मग तिनं जे समजावलं, ते ऐकून मी तर थक्कच झाली. शिसं अंगात गेलं का हाडाले ते कॅल्शियमच वाटते म्हणे. आपलंच समजून हाडं त्याले वर्षानुवर्षं सांभाळतात. रक्त बनवायले थोडं जस्तही लागते, त्याले हटवून त्या जागी तेच बसते, म्हणून लोह असूनही रक्त बनत नाही. अवो माय, केवढा कारखाना आपल्या कातडीखाली चालू आहे, अन् आपल्याले पत्ताच नाही!

आठवते काय, नवीन जाळं विणून झालं का काठाले गोळ्या दाबायचं काम आपल्या दोघीचंच. नरम शिसं, दातानंच दाबत होतो. तू तर माझ्यापेक्षा चपळ. म्हणून मी माझंही रक्त तपासून घेतलं. निघालं नं शिसं त्याच्यात! लग्नानंतर जाळ्याले हात लावला नाही, तरी.

काल भाऊजीनं तुझी गोड बातमी सांगतली, तेव्हापासून माझा जीव थाऱ्यावर नाही. बाळाची हाडं बनवायले आईची हाडं आपलं कॅल्शियम काढून देतात म्हणे, कोणी न मागता. केवढी ही माया, दामिनी! पण त्याच्यासंगं शिसंही निघते. बाहेरून कॅल्शियम, लोह बरोबर मिळालं तर शिसं कमी निघते, असं बाई म्हणे. घाबरू नको, दूध-दही सोडू नको. सोमवारच्या एसटीनं मी लाखांदूरले येऊन राहिली. सासूले मीच सांगीन, अन् तुझं रक्त तपासू. तुझी हाडं बाळाले सगळं द्यायले बसली आहेत. त्यांच्यात काय आहे, ते त्याच्या आधी आपल्याले कळलं पाहिजे.

तुझीच ताई,
रक्षा