डाव्या खिशातली बाटली

३ नोव्हेंबर, सोमवार
ग्रामपंचायतीनं तलावाचं पाणी तपासायचं काम दिलं. टेम्पररी. सोपं आहे. छोट्या बाटलीत पाणी भरायचं, दोन दिवस उबेला ठेवायचं. काळं पडलं की पाण्यात जंतू. मग दुसरा नमुना बर्फात घालून कारंजाच्या लॅबला न्यायचा.
लॅबमध्ये मंजुषा असते. त्याचा कामाशी संबंध नाही.
संकल्प: आजपासून राग बंद. रागापायीच कॉलेज सुटलं. सेकंड इयरला प्रॅक्टिकलच्या सरांनी मंजुषासमोर म्हटलं, अश्वजित, तुझ्या हातून जंतूसुद्धा वाढत नाहीत. जर्नल फेकून आलो तो आलोच.

५ नोव्हेंबर
थंडी आहे, म्हणून बाटली शर्टाच्या डाव्या खिशात ठेवली. काळीकुट्ट! सरांनी पाहायला पाहिजे होती. आई म्हणे, हागवणीचं पाणी उराशी धरून काहून बसला रे? आईला सायन्स कळत नाही.

६ नोव्हेंबर
नमुना भरला आणि आधी केसांच्या कटिंगला गेलो. मग इस्त्री. मंजुषानं विचारलं, किती वाजता भरला? बर्फ कुठाय? बर्फ जीपमध्येच वितळला. नमुना घेतला नाही. म्हणे, उद्या परत आण.
म्हणजे उद्या परत ये.

७ नोव्हेंबर
घेतला. म्हणे, तलावात म्हशी धुतात का? बंद करा. आणि दर आठवड्याला नमुना आण.
दर आठवड्याला! तिनं स्वतः म्हटलं.
डबा खात होती. विचारलं नाही. लॅबमध्ये खाणं वाटायचं नसतं, नियम असेल.

९ नोव्हेंबर, सकाळी ७
किसनसिंगला म्हशी बाहेर काढायला सांगितलं. म्हणे, अश्वजितबाबू, तू म्हशीले सांगून पाह्य. तिनं आयकलं तं मी बी आयकतो.
राग आला नाही. आवाज चढला फक्त. बादली तलावात गेली. ग्रामपंचायतीची होती.

२८ नोव्हेंबर
रंगूबाईचं तलावावरचं धुणं बंद केलं. जाता जाता म्हणे, तुह्या लग्नात कोण येईन रे, सगळ्या गावाशी तं भांडून बसला. लग्नाचं ऐकून बरं वाटलं.
लॅबला गेलो. पाचवी खेप. मंजुषानं मान वर न करता फॉर्म घेतला. कामात एकाग्रता लागते.

१५ डिसेंबर
किसनसिंगनं म्हशी शेलूबाजारला जावयाकडे पाठवल्या. जिंकलो. कोणाला सांगावं म्हणून पाराकडे गेलो. लोक उठून गेले. थंडी फार आहे.

१९ डिसेंबर
बाटली काळी पडली नाही. तरी नमुना घेऊन गेलो. मंजुषा पहिल्यांदा हसली. म्हणे, अरे वा, सुधारलं की पाणी! आता दर आठवड्याला यायची गरज नाही. एकदम मेमध्ये आण.
मी म्हटलं, पाच महिने? म्हणे, हो. आणि पुढच्या माणसाचा फॉर्म घेतला.
तीन जीपा सोडल्या. चौथीत बसलो.

२५ डिसेंबर
नवी बाटली भरली होती. आज तिसरा दिवस. डावा खिसा, वरून स्वेटर, वरून शाल. रंग बदलत नाही. सर खरं बोलले होते.
तलावावर बसलो. पाणी स्वच्छ. भांडायलाही कोणी नाही.
संध्याकाळी किसनसिंगला फोन केला. म्हटलं, काका, झालं गेलं सोडा, म्हशी कधी आणता?
म्हणे, आता काय आणतो बाबू. त्यायले तिथलं पाणी मानवलं.