वॉटर पंपाचा चौथा बोल्ट

११ नोव्हेंबर, मंगळवार. पेडगाव

लिहायला बसले, कारण उद्या भाऊजी गावभर सांगतील की बोल्ट आधीच तुटलेला होता. नव्हता. माझ्या डोळ्यांदेखत त्यांनी तोडला.

ह्यांची जीप. हे गेल्यापासून गोठ्यात उभी. ती मी शेजारच्या गंगूबाईच्या सुनेला, रुक्मिणला, द्यायची ठरवली आहे. शेळ्या-मेंढ्या पालमच्या बाजारात न्यायला. पोरीनं लायसन काढलंय. भाऊजींनी मात्र पाथरीच्या भंगारवाल्याला शब्द दिलाय. तो रविवारी येणार. शेवटी ठरलं ते असं : तो यायच्या आधी जीप स्वतःच्या इंजिनावर गोठ्याबाहेर आली तर रुक्मिणची, नाहीतर त्याची.

अडलंय वॉटर पंपापाशी. गळतो, बदलायचा. चार बोल्ट. शाळेत माझ्या विज्ञानाच्या वर्गात बसलेल्या बालाजी मिस्त्रीनं तीन काढले. चौथा जाम. तेल सोडून रात्रभर ठेवू, म्हणाला. तेवढ्यात भाऊजी :

"सरक रे. लोखंड हाय ते. लाड कशाला करायलास त्याचे?"

पान्यात लांब नळी अडकवली आणि सगळा भार टाकला. कट्! बोल्टाचं डोकं उडून कडब्यात.

"बघा वहिनी, सडलंय सगळं."

मी कडब्यात ते डोकं शोधत बसले. बोलले असते तर मी थांबले नसते.

१२ नोव्हेंबर, बुधवार

पंप निघाला. बोल्टाचा तुकडा इंजिनात रुतलेला, बोटाच्या पेराएवढा बाहेर. पुसायला घेतला तर गंजावर लालपिवळा थर. खरवडला. हळद. कुंकू. खाली नारळाच्या शेंडीचे धागे!

लख्ख उजेड पडला. दर खंडेनवमीला भाऊजी बॉनेट उघडून इंजिनाची पूजा करतात आणि नारळाचं पाणी तिथंच ओततात, त्याच कोपऱ्यावर. गाडी चालती असती तर वाळलं असतं. उभ्या गाडीत मुरलं. बाकीचे तीन कोरडे, म्हणून निघाले. म्हणजे इंजिन सडलेलं नाहीच! एकच बोल्ट!

भाऊजींना बोलावून दाखवलं. त्यांनी एक धागा नखानं उचकटून पाहिला.

"दादाची गाडी हाय म्हणून करायलो होतो."

मग म्हणाले, "तिच्यात दुसरं कुणी बसलेलं मला बघवणार न्हाई, वहिनी."

इतक्या वर्षांत हे पहिल्यांदा बोलले. मी विचारलं, कापलेली बघवेल? उठून गेले. जेवायला आले नाहीत.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

बालाजी ड्रिल घेऊन हजर. परत पाठवलं. ड्रिल तिरकं गेलं की इंजिनातले आटे गेले, मग खरंच भंगार.

"मॅडम, मग काय मंत्र म्हणता?"

"वेल्डिंग आण."

त्याच्याही मनात तेच होतं, पण कडब्याला भीत होता. गंगूबाई आणि रुक्मिणनं कडबा बाहेर काढला, बादल्या भरून ठेवल्या.

तुकड्यावर नट ठेवून आतून वेल्ड केला. पान्यानं फिरवला तर नटच सुटून हातात. गंगूबाई : "बाई, ह्यो तर नवरदेवावानी रुसून बसलाय. आंगठी घाला त्याला!"

दुसरा नट. आता भोवतीचं लोखंड गॅसनं तापवलं, मेणबत्ती टेकवली. मेण वितळून आट्यांत ओढलं गेलं. बघत राहावं असं! हातोडीच्या हलक्या टिचक्या. बालाजीला ताकीद : आधी आवळ, मग सोड. केसभर इकडे, केसभर तिकडे. जोर नाही.

कर्र.

"यायलाय! मॅडम, यायलाय!"

रुक्मिण ओरडली, "दमानं, बालाजीभाऊ! वढू नगा!"

निघाला. अख्खा. गरमच होता तरी मी पदरात घेतला. पदराला भोक पडलं. पडू दे.

१५ नोव्हेंबर, शनिवार

नवा पंप बसला. ट्रॅक्टरची बॅटरी लावली. दोनदा नुसतं घरघर. तिसऱ्यांदा धूर, धडधड, गंगूबाईच्या शेळ्या सैरावैरा, आणि जीप चालू! रुक्मिणनं ती स्वतः लिंबाखाली आणून लावली. मी टाळ्या वाजवल्या, ह्या वयात.

चौथ्या बोल्टापाशी किंचित ओल. बालाजी म्हणतो, जोड बसला की थांबेल. मी म्हणते, बघू.

भाऊजी ओसरीवरून पाहत होते. आत गेले.

१६ नोव्हेंबर, रविवार

भंगारवाला आला. चहा दिला, जुना पंप दिला. तेवढ्यावर गेला.

रुक्मिणच्या हवाली केलं : जीप, किल्ली, कागद, जॅक, पाण्याचे दोन कॅन. बजावलं, तापमानाचा काटा चढला की थांबायचं, बाजार चुकला तरी चालेल. मागे तीन शेळ्या, एक बोकड.

निघायच्या वेळी भाऊजी आले आणि शेजारच्या सीटवर बसले. कुणी बोलावलं नव्हतं. "पाणी बघायला माणूस नको का?" एवढंच म्हणाले, तेही समोर बघत.

दिवेलागण झाली. अजून आले नाहीत. भाऊजींना मी हवाली केलेल्यात धरलेलं नाही, ते परत यायला हवेत.