नारिंगी पडदे

१२ जानेवारी

प्रिय लाडोबा,

(चाळिशी उलटली तरी तुला हेच म्हणणार, तक्रार चालणार नाही.)

तुझं पत्र पोचलं. आम्ही दोघी ठीक. थंडी यंदा हट्टालाच पेटली आहे, दुपार सरते न सरते तोच काळोख. तू पाठवलेला उंच दिवा आईच्या खुर्चीमागे उभा केला. भिंतींना फिकट पिवळा रंग दिला, तोही मीच, शिडीवर चढून. कंबर अजून शिव्या देते आहे. पलंगावर लाल लोकरी चादर, खिडकीला नारिंगी पडदे. शेजारीण म्हणाली, "अगं, इथे बसलं की बाहेरची थंडी विसरायला होतं." मी आपली फुशारले.

हे सगळं कशासाठी चाललं होतं, ते तुला माहीतच आहे. दिवस लहान व्हायला लागल्यापासून आई म्हणत होती, "खोलीत फार अंधारून येतं गं." तू लिहिलंस, हिवाळाच तो, दिवे वाढव. मी वाढवले. ती पुन्हा म्हणाली. मी भिंती रंगवल्या. ती पुन्हा म्हणाली. मी पडदे बदलले.

पुढचं फोनवर बोलता येत नाही. फोन तिच्या खुर्चीशेजारीच, आणि बाईचे कान अजून तिखट आहेत. म्हणून पत्र.

गेल्या आठवड्यात शिंपीणबाई पडदे घेऊन गेल्या, थंडी अडावी म्हणून आतून जाड अस्तर लावायला. दुसऱ्या दिवशी आईची दोऱ्याच्या दुकानातली जुनी सोबतीण भेटायला आली. दोघींनी तिथे जन्मभर गिऱ्हाइकांच्या कापडाला दोरे जुळवले. कापडाची चिंधी दाखवली की कुठल्या खणातला लाल, ते आई बसल्या जागेवरून सांगायची. मान न वळवताच बाजूच्या खिडकीकडे हात करून आई सोबतिणीला म्हणाली, "बघ, नारिंगीने खोली कशी खुललीय! लेकीची निवड आहे हो."

खिडकीवर काहीच नव्हतं. नुसती काच. सोबतिणीने माझ्याकडे पाहिलं. मी चहाचं निमित्त करून उठले.

डॉक्टरांकडे नेलं. काचबिंदू. बाजूचं बरंचसं दिसेनासं झालंय, आणि गेलेलं परत येत नाही. समोरचं तेवढं उरलंय, नळीतून बघावं तसं. थेंब सुरू केलेत. त्याने ते किती टिकेल, सांगता येत नाही म्हणाले. मग विचारलं, "अंधार कधीपासून वाटत होता?" माझ्याआधी आईच बोलली, "हिवाळा आहे ना, मला वाटलं त्यामुळे असेल." मला सांभाळून घेत होती रे! मेल्याहून मेल्यासारखं झालं. दिवे आणण्याआधी तिला एकदा दाखवून आणलं असतं, तर माझं काय जाणार होतं? अख्खा हिवाळा मी खोलीवर उपचार करत बसले.

परत येताना गाडीत म्हणाली, "त्याला कळवू नकोस. उन्हाळ्यात येणारच आहे. तोवर खोली अशीच ठेव, आवडेल त्याला." मी हो म्हटलं. आणि ती झोपल्यावर हे लिहायला बसले.

गालिचा कुठल्या रंगाचा पाठवू, असं विचारलं आहेस. पाठवू नकोस. कडेला पाय अडकून पडेल ती. आणि उन्हाळ्यापर्यंत थांबूही नकोस. रजा देत नसतील तर भांड, पण ये.

आलास की नेहमीसारखी तिच्या खुर्चीच्या बाजूला जमिनीवर बैठक मारू नकोस. तिथे तू तिला दिसणार नाहीस. खुर्ची ओढून अगदी समोर बस, दिव्याच्या उजेडात, आणि तिचं बघून होईपर्यंत उठू नकोस.

तुझी, उशिरा शहाणी झालेली,
ताई