ओपन आहे ते पाणी, मुखरू जनबंधू नव्हे

प्रति,
मा. अधीक्षक अभियंता साहेब,
पाटबंधारे मंडळ.

अर्जदार : मुखरू तानबा जनबंधू, खलाशी, कोसमटोला प्रकल्प, तालुका कुरखेडा, जिल्हा गडचिरोली.

विषय : ‘ओपन वॉटर’ या शब्दांतील ओपन हा पाण्याचा गुण असून अर्जदाराची जात नव्हे, याबाबत.

संदर्भ : आस्थापना शाखेचा शेरा, दि. ११ जून १९८६, व त्यानंतरचे सर्व शेरे.

महोदय,

१. अर्जदार बौद्ध समाजाचा, सातवी पास, वय एक्केचाळीस. कोसमटोला तलावावर तो सतरा वर्षे खलाशी आहे. तलावाचे विमोचक, म्हणजे कालव्यात पाणी सोडण्याचे तळचे दार, ज्याला इकडचे लोक तुडूम म्हणतात, गाळाने किंवा लाकडाने अडले की बाहेरून पाणबुड्या आणावा लागे. म्हणून प्रकल्पावर पाणबुड्याचे एक पद मंजूर झाले. पद अनुसूचित जाती व नवबौद्धांसाठी राखीव होते. अर्जदाराला पोहता येते हे सर्वांस माहीत असल्याने त्याला फेब्रुवारी १९८६ मध्ये समुद्रकिनारी एका केंद्रात पाच आठवडे प्रशिक्षणास पाठविले. इथपर्यंत कोणाचीही तक्रार नाही.

२. केंद्रात शिकविणारे गृहस्थ आरमारातून निवृत्त झालेले होते. त्यांनी पहिल्याच दिवशी पायऱ्या समजावून सांगितल्या, त्या येथे लिहिणे भाग आहे, कारण सगळा घोटाळा त्यांच्या नावांचा आहे. पहिली पायरी ‘ओपन वॉटर’. आधी डॉक्टरांकडून कान व छाती तपासायची, मग वर्गात शिकायचे, मग हौदात, आणि शेवटी समुद्रात चार बुड्या. हे जमले की साठ फुटांपर्यंत, तेही जोडीदारासोबत, उतरता येते. दुसरी ‘अ‍ॅडव्हान्स्ड’, म्हणजे शंभर फूट, होकायंत्र व हरवलेली वस्तू शोधणे. तिसरी दुसऱ्याला वाचविण्याची. चौथीत इतरांना सोबत नेता येते आणि त्यापुढे शिकविता येते. ज्या पाण्याला भिंती नाहीत ते ओपन वॉटर, एवढाच त्या शब्दाचा अर्थ. अर्जदाराने पहिल्या दोन पायऱ्या पार केल्या. कार्ड हाती देताना ते गृहस्थ म्हणाले, “हे मिरवायचं नाही. कुठं थांबायचं ते यावर लिहिलंय.”

३. अर्जदाराने दोन्ही कार्डे आस्थापना शाखेत दिली. शाखेने त्यांचे मराठी भाषांतर ‘खुला’ व ‘प्रगत’ असे केले आणि शेरा मारला की, कर्मचारी खुल्या व प्रगत वर्गातील असल्याचे प्रमाणपत्र त्याने स्वतःच सादर केले आहे, सबब राखीव पदावर नेमता येत नाही, आणि खुल्या वर्गासाठी पाणबुड्याचे पद मंजूर नाही. अर्जदार तीन वेळा शाखेत जाऊन उभा राहिला. हौद म्हणजे बंद पाणी, तलाव म्हणजे ओपन, असे त्याने टेबलावरचा पेला दाखवून सांगितले. लिपिक म्हणाले, “ओपन म्हंजे ओपन. आता मले इंग्रजी तू शिकवतं काय?”

४. अर्जदाराने आपला जातीचा दाखला पुन्हा जोडला. शाखेने उलट प्रशिक्षण केंद्रासच पत्र लिहून विचारले की, कर्मचाऱ्यास ओपन कोणत्या आधारे ठरविले. केंद्राने सभ्यपणे कळविले की, आम्ही उमेदवाराचे कान, छाती व दम पाहिला, जात विचारली नाही. त्यावर नवीन शेरा असा : केंद्राच्या पत्रात जातीचा उल्लेख नाही, यावरून खुला वर्ग सिद्ध होतो.

५. दि. ९ ऑक्टोबर १९८७ रोजी तुडूम अडले. त्या वर्षी पाऊस कमी, उशिरा पिकणारे भारी धान लोंबीवर आलेले, आणि शेवटचे एक पाणी मिळाले नाही तर खालच्या अकरा गावांत नुसता पेंढा हाती लागणार, अशी स्थिती होती. पाळीवर, म्हणजे तलावाच्या बांधावर, तीनचारशे माणूस जमला. उपअभियंता साहेब भांडारातील हवेची दोन नळकांडी घेऊन जीपने आले. त्यांनी अर्जदारास बाजूला घेऊन सांगितले की, कागदाचे मागाहून पाहू, तू उतर. पाणी अठ्ठेचाळीस फूट होते, म्हणजे पहिल्या पायरीतले. पण जोडीदाराशिवाय उतरू नये हाही पहिल्याच पायरीचा नियम. प्रकल्पावर दुसरा पाणबुड्या नाही. तेव्हा डबा घेऊन आलेली अर्जदाराची पत्नी रुखमा हिने दोरी हातात घेतली. दोरीच्या खुणा तिला अर्जदाराने शिकविल्या होत्या : एक झटका ठीक, दोन म्हणजे ढील दे, चार म्हणजे ओढ. ती एवढेच म्हणाली, “तुमचं कार्ड शंभर फुटाचं हाये, माही दोरी पन्नासाची हाये. मी दोरीचं आयकीन.”

६. खाली गाळामुळे हात डोळ्यांपुढे धरला तरी दिसत नव्हता. अर्जदाराने चाचपून पाहिले, तर जाळीत येनाच्या झाडाचे अख्खे खोड आडवे अडकलेले. दाराच्या फटीतून पाणी ओढ घेत होते व त्या ओढीने त्याचा उजवा हात खांद्यापर्यंत जाळीत गेला. येथे अर्जदार कबूल करतो की त्याला भीती वाटली. शिकविल्याप्रमाणे त्याने धडपड केली नाही. श्वास मोजले, हात हळूहळू सोडविला, आणि राखीव हवेवर काटा येताच काम अर्धे टाकून वर आला. पाळीवरचे लोक कुरकुरले. कोणी म्हणाले, सरकारी माणूस पाण्यातही पाच वाजता सुटतो. रुखमाने त्यांच्याकडे पाहिले नाही, ती त्याच्या हाताचे सोललेले कातडे पाहत होती. तासाभराने दुसरे नळकांडे लावून तो पुन्हा उतरला, खोडाला तारदोर बांधला, वर येऊन काठावर बसला, आणि मगच ट्रॅक्टरने ओढायला सांगितले. सायंकाळी कालव्याला पाणी लागले. अकरा गावांचे धान पिकले.

७. या कामाचा अहवाल विभागाने पाठविला, त्यात लिहिले आहे : ‘विमोचकाचे दार आपोआप मोकळे झाले.’ अर्जदाराने विचारले असता सांगण्यात आले की, मंजूर पदावर पाणबुड्या नसताना पाणबुड्याने दार मोकळे केले असे लिहिता येत नाही. मात्र त्याच आठवड्यात भांडार शाखेचे पत्र आले की, दोन नळकांड्यांतील शासकीय हवा कोठे वापरली याचा खुलासा करावा. दार आपोआप उघडले असता हवा कशी संपली, असाही प्रश्न त्यात होता. अर्जदाराने खुलासा दिला : श्वासात.

८. खुलासा उद्धट समजण्यात आला. डिसेंबरपासून अर्जदारास ‘पाण्याच्या कामाचा अनुभव विचारात घेऊन’ विभागीय कार्यालयात पिण्याचे पाणी भरण्यावर लावले आहे. काम हलके आहे. अर्जदाराच्या वडिलांना गावच्या विहिरीवर चढता येत नव्हते, ओंजळ धरून वाट पाहावी लागे. त्या मानाने मुलाच्या हाती कार्यालयाचा माठ आला, ही सुधारणा अर्जदार नाकारत नाही. तो माठ रोज घासतो, गाळून पाणी भरतो, वर झाकण ठेवतो. परंतु पहिल्याच आठवड्यापासून आस्थापना शाखेतील दोघे घरून बाटलीत पाणी आणू लागले. त्यांपैकी एक तेच लिपिक, ज्यांनी अर्जदारास ओपन ठरविले. अर्जदाराने त्यांना काही विचारले नाही. घरी रुखमा म्हणाली, “तुमी काऊन इचारता? साहेबालेच इचारू द्या.” म्हणून हा अर्ज.

९. तरी मेहेरबानी करून पाहावे. कागदावर ही शाखा अर्जदारास खुल्या वर्गाचा म्हणते, आणि तहान लागली की त्याच्या माठातले पाणी पीत नाही. एकाच कार्यालयात या दोन्ही गोष्टी खऱ्या असू शकत नाहीत. त्यांपैकी खरी कोणती, ते अर्जदारास लेखी कळवावे. उत्तर येईल त्याप्रमाणे तो पाण्यात उतरेल किंवा माठ भरील.

आपल्या उत्तराची वाट पाहणारा,
(सही) मुखरू तानबा जनबंधू
खलाशी
दिनांक : १८ जानेवारी १९८८

सोबत : दोन्ही कार्डांच्या नकला, जातीचा दाखला, केंद्राचे पत्र, हवेबाबतचा खुलासा. अर्जदाराच्या सांगण्यावरून अर्ज लिहिणार : गुणवंतराव उंदीरवाडे, निवृत्त शिक्षक, ब्रह्मपुरी.